गणिताच्या तासातलं तुमचं कृतिसंशोधन चारचौघांत कसं मांडायचं

आठवीतल्या एका मुलीच्या वहीचं एक पान मी जपून ठेवलंय. विशालकोन त्रिकोण आहे, शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर शिरोलंब काढायचा होता, तिनं तो चार वेळा काढला आणि चार वेळा खोडला, कागद इतका झिजलाय की उजेडाला धरला तर पलीकडचं दिसतं. शेवटी तिनं रेघ त्रिकोणाच्या आतच कुठंतरी टेकवली आणि तिथं काटकोनाची छोटी चौकट पण काढून ठेवली. तो कोन नव्वद अंशांचा नाही हे बघितल्या बघितल्या कळतं, तिलाही कळलं असणार, पण शिरोलंब त्रिकोणाच्या बाहेर जाऊ शकतो ही शक्यताच तिच्या मनात नव्हती.

माझं कृतिसंशोधन, म्हणजे स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर उपाय करून त्याचं काय झालं ते स्वतःच तपासणं, या पानापासून सुरू झालं. 'त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा' हा घटक जिओजेब्रावर, म्हणजे आकृती काढून ती स्क्रीनवर सरकवता येते अशा सॉफ्टवेअरवर, शिकवून बघितला, आधी चाचणी, नंतर चाचणी, सगळं रीतसर केलं. आणि केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत मांडायची वेळ आली तेव्हा पहिली सहा मिनिटं मी जिओजेब्रा म्हणजे काय, ते कुठून डाउनलोड करायचं, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तंत्रज्ञानाबद्दल काय म्हणतं, यातच घालवली. हे पान पिशवीतून बाहेर आलंच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, आणि एकाही शिक्षकानं मला "हे माझ्या वर्गात कसं करू" असं विचारलं नाही.

त्यानंतर बऱ्याच वेळा मांडलं, दुसऱ्यांचं ऐकलं, नवीन शिक्षकांना तयारी करून दिली. त्यातून जे हाती लागलं ते इथं सविस्तर लिहिते. उदाहरण सगळीकडे शिरोलंबाचंच घेते म्हणजे धागा तुटणार नाही, तुमचा घटक अपूर्णांक असो, रेषीय समीकरणांचे आलेख असोत की घनफळ, पद्धत तीच.

आधी प्रश्न एका वाक्यात आणा

आपल्याकडे कृतिसंशोधनाची शीर्षकं ठरलेल्या साच्यातली असतात. 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या गणित विषयातील अध्ययनावर तंत्रज्ञानाच्या वापराची परिणामकारकता : एक अभ्यास'. अहवालाच्या मुखपृष्ठावर असं लागतं तर लिहा, हरकत नाही. पण हे वाचून ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. कुठलं तंत्रज्ञान, कुठलं गणित, मुलांचं नेमकं कुठं अडत होतं?

मांडताना तोंडी सांगायचा प्रश्न वेगळा ठेवा. माझा असा होता: विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब बाहेर जातो हे मुलांना जिओजेब्रावर शिरोबिंदू सरकवून बघितल्यानं कळतं का, आणि कळलेलं वहीत उतरतं का? यात गणित आहे, मुलांची अडचण आहे, आणि साधन शेवटी आहे. तुमचं वाक्य तपासायचं असेल तर त्यातलं साधनाचं नाव झाकून वाचा. उरलेल्या भागात गणिताच्या शिक्षकाला ओळखीची अडचण दिसली तर प्रश्न जमलाय, आणि काहीच उरलं नाही तर अजून काम बाकी आहे.

इथं थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे. कृतिसंशोधन ही कल्पना कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाची, १९४६ च्या लेखात त्यांनी आखणी, कृती आणि कृतीचं काय झालं याची तपासणी असं फिरत वर जाणारं चक्र मांडलं, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये पुस्तक लिहून ती शाळांमध्ये आणली. चक्र हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण मांडतो ते बहुतेक एकच फेरी असते, समस्या होती, उपाय केला, समस्या सुटली. खऱ्या वर्गात पहिल्या फेरीत अर्धंमुर्धं जमतं, आणि उरलेलं का जमलं नाही हीच ऐकण्यासारखी गोष्ट असते. म्हणून दुसऱ्या फेरीत काय बदललंत ते सांगायला मांडणीत जागा ठेवाच.

चाचणीचे कागद परत काढा, गुण बाजूला ठेवून चुका मोजा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, स्लाईडवर नाही. निदान दोन संध्याकाळी.

पूर्वचाचणीचे कागद समोर घ्या आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला नाव द्या. शिरोलंबात माझ्याकडे तीन ढीग पडले. पहिला, शिरोलंबाऐवजी मध्यगा काढलेली, म्हणजे रेघ समोरच्या बाजूच्या मध्यावर नेलेली. दुसरा, पाया आडवा नसेल तरी रेघ सरळ खाली उभी सोडलेली, कारण 'लंब म्हणजे उभी रेघ' असं डोक्यात बसलंय, त्रिकोण तिरका ठेवला की ही मुलं चुकतात. तिसरा, विशालकोन त्रिकोणातही रेघ आतच ठेवलेली. तीन चुकांची कारणं तीन, आणि उपायही एकच असेल असं नाही. मग उत्तरचाचणीचे कागद घेऊन कुठला ढीग किती कमी झाला ते बघा.

हे केलं की मांडणीचा कणा तयार होतो. समजा पहिला ढीग आधी ६ मुलांचा होता आणि नंतरही ५ चा राहिला, आणि तिसरा १४ वरून ३ वर आला, तर तुमच्या हातात सांगण्यासारखं काहीतरी आहे: शिरोबिंदू सरकवून बघण्यानं 'बाहेर जातो' हे कळलं, पण मध्यगा आणि शिरोलंब यांतला गोंधळ त्यानं सुटला नाही. 'सरासरी ४ वरून ७ झाली' या वाक्यात हे कुठंच दिसत नाही.

सरासरीबद्दल अजून एक. सगळ्यांचे ४ चे ७ झाले तरी सरासरी ७ येते, आणि निम्म्यांचे ४ चे १० झाले व निम्मे ४ वरच राहिले तरी सरासरी ७ च येते. हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि पुढचा तास दोघांना वेगळा लागतो. म्हणून आलेख कागदावर दोन उभ्या रेघा मारा, डावी आधीची, उजवी नंतरची, आणि प्रत्येक मुलाच्या दोन गुणांना जोडणारी एक रेघ काढा. वर्गात तीस मुलं तर तीस रेघा. वर चढणाऱ्या, आडव्या राहणाऱ्या, आणि एखादी खाली उतरणारी, सगळं एका नजरेत दिसतं. हातानं काढून मोबाईलनं फोटो काढलात तरी चालतो, रंगीत त्रिमिती स्तंभालेखापेक्षा तो कितीतरी बोलका असतो.

टक्केवारी लहान वर्गात जपून वापरा. २५ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ४ टक्के. '१२ टक्के वाढ' म्हटलं की मोठं वाटतं, असतात ती तीन मुलं. त्यापेक्षा "२५ पैकी ३ मुलं" असं सरळ म्हणा, ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

आणि दोन्ही चाचण्यांना तीच मुलं होती का हे तपासा. बीडसारख्या ऊसतोडीला जाणाऱ्या भागात तर हे फारच महत्त्वाचं, दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर मुलं निघतात, पूर्वचाचणी तीस जणांनी दिलेली असते आणि उत्तरचाचणीला बावीस उरतात. निघून गेलेल्यांत कच्ची मुलं जास्त असतील तर काहीही न शिकवता सरासरी वाढते! दोन्ही चाचण्या दिलेल्याच मुलांची तुलना करा आणि बाकीची का नव्हती ते एका वाक्यात सांगा, लपवू नका.

टी-मूल्य (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा असेल का हे सांगणारा आकडा) वगैरे काढायचं का असं बरेच जण विचारतात. बी.एड.च्या अहवालाच्या नमुन्यात मागितलं असेल तर काढा आणि अहवालात ठेवा. तोंडी मांडताना तीस मुलांच्या एका वर्गासाठी चुकांचे ढीग आणि त्या तीस रेघा यांनी जे कळतं ते त्या एका आकड्यानं कळत नाही, असं माझं मत आहे.

तंत्रज्ञानाचा वाटा किती, तुमचा किती

हा प्रश्न कुणी ना कुणी विचारणारच, म्हणून घरूनच उत्तर घेऊन जा. एरवी शिरोलंबाला तुम्ही दोन तास देता, जिओजेब्राच्या निमित्तानं सहा दिलेत, तर फरक तासांमुळे पडला असं कुणीही म्हणेल. नवीन गोष्ट आली की मुलं चार दिवस कान टवकारून बसतात, त्याचाही वाटा असतो. तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा दिली तर ओळखीचाही.

हे पूर्ण टाळता येत नाही, पण चार गोष्टी करता येतात. उत्तरचाचणीत आकृत्या बदला, त्रिकोण फिरवा, अक्षरं बदला. किती तास दिले ते स्पष्ट लिहा. दुसरी तुकडी असेल तर तिला तेवढेच तास फळा, पट्टी आणि गुण्यावर शिकवा आणि अभ्यास संपला की त्या मुलांनाही जिओजेब्रा द्या, कुणाला वंचित ठेवून संशोधन करायचं नसतं. आणि महिन्याभरानं, न सांगता, दोनच आकृत्यांची छोटी चाचणी घ्या. ही तिसरी चाचणी फार कमी लोक घेतात, पण नव्याची नवलाई ओसरल्यावर काय उरलं हे तीच सांगते.

'मुलांना खूप आवडलं, उत्साह वाढला' हा निष्कर्ष म्हणून लिहू नका. आवडणं चांगलंच आहे, त्यासाठी आपण धडपडतोच, पण स्क्रीन आवडणं आणि शिरोलंब कळणं या दोन गोष्टी आहेत. आवड दाखवायचीच असेल तर मुलांनी काय विचारलं ते सांगा. माझ्या वर्गात एकानं विचारलं होतं, "बाई, हा बिंदू बाहेर गेला की मोठा त्रिकोण तयार होतो का?" बिंदू बाहेर गेल्यावर आकृतीचं काय होतं हे तो स्वतः शोधत होता. असा एक प्रश्न दहा हसऱ्या फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

दहा मिनिटांची आखणी

शिक्षण परिषदेत किंवा डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) कार्यक्रमात हातात साधारण दहा-बारा मिनिटं पडतात, त्यातली एक-दोन केबल जोडण्यात जातात. म्हणून आठ मिनिटांचंच बसवा.

पहिलं दीड मिनिट फक्त मुलांची चूक. वहीच्या पानाचा फोटो, नाव झाकलेला, स्क्रीनभर मोठा. लगेच बोलू नका. पाच सेकंद बघू द्या आणि मग विचारा, "हिनं काय विचार केला असेल?" समोर सगळे शिक्षकच असतात, त्यांना अशा पन्नास वह्या आठवतात आणि सभागृह तुमच्याबरोबर येतं. मग प्रश्नाचं ते एक वाक्य.

पुढची तीन मिनिटं तासात काय केलं त्याची, म्हणजे जिओजेब्रावरचं प्रात्यक्षिक आणि मुलांकडून काय करून घेतलं ते. मग दोन मिनिटं निकाल: चुकांच्या ढिगांचा एक तक्ता आणि रेघांचा तो आलेख, बस. राहिलेलं दीड मिनिट जे जमलं नाही त्याला द्या आणि तिथं घाई करू नका.

आता हे सगळं वाचून वाटेल की गरज, महत्त्व, उद्दिष्टं, गृहीतकं, व्याप्ती, मर्यादा कुठं गेल्या. त्या अहवालात आहेत. अहवाल टेबलावर ठेवा, ज्याला बघायचंय तो बघेल. तोंडी मांडणीत क्रमानं सगळे मुद्दे वाचून दाखवले की मुख्य गोष्टीपर्यंत पोचेपर्यंत घंटा वाजते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता तयारी करून देताना पहिल्या चार स्लाईड मीच काढून टाकते.

प्रात्यक्षिक: इथं जीव ओता

जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी तयार करायला घेतलं, २००१-०२ च्या सुमारास, आणि आपण शिक्षक ते फुकट वापरू शकतो. एवढी ओळख पुरे. ऑफलाइन चालणारी आवृत्ती आधीच लॅपटॉपवर घालून ठेवा, सभागृहात नेटच्या भरवशावर राहू नका.

रचना अशी करा. बिंदू ए, बी, सी घ्या, त्रिकोण काढा. आता ए मधून बाजू बीसी वर लंब टाकायचाय. इथं एक बारीक गोष्ट आहे जी मला वर्गातच कळली: लंबरेषा काढल्यावर तिचा छेदनबिंदू जर रेषाखंड बीसी शी घेतला, तर ए सरकवत बी च्या पलीकडे नेला की तो बिंदू गायब होतो! कारण रेषाखंडावर आता छेद उरलाच नाही. पूर्ण रेषा बीसी काढून तिच्याशी छेद घेतला तर लंबपाद, म्हणजे लंब पायाला जिथं मिळतो तो बिंदू, टिकून राहतो, तो वाढवलेल्या पायावर जाऊन बसतो. मांडताना दोन्ही दाखवा. आधी रेषाखंडाशी, बिंदू गायब झाला की विचारा कुठं गेला, आणि मग रेषा काढून तो परत आणा. 'पाया वाढवून घ्या' हे वाक्य आपण वर्षानुवर्षं फळ्यापाशी सांगतो, ते का सांगतो हे या दहा सेकंदांत दिसतं.

मग ए हळूहळू सरकवा. अगदी हळू, कारण सवयीनं आपला हात भरभर फिरतो आणि बघणाऱ्याचं डोकं मागं राहतं. लघुकोन त्रिकोणात शिरोलंब आत आहे, तो बी कडे सरकतो, कोन बी बरोबर ९० अंशांचा झाला की शिरोलंब बाजू एबी वरच जाऊन बसतो, दोन्ही एकच होतात, आणि तिथून पुढं गेलं की तो बाहेर पडतो. त्या काटकोनाच्या जागी थांबा. माझ्या वर्गात मुलांचा 'अरे!' तिथं निघाला होता आणि शिक्षकांच्या सभागृहातही तिथंच निघतो.

ग्रिड आणि अक्ष बंद ठेवा, रेषांची जाडी वाढवा, अक्षरं चोवीसच्या पुढं न्या, शिरोलंबाला एकच गडद रंग द्या. मागच्या रांगेतल्या माणसाला ती रेघ दिसली नाही तर प्रात्यक्षिक झालंच नाही असं समजा.

आणि याच प्रात्यक्षिकाचं एक मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा, लिंक नको, फाईलच हवी. माउस चालला नाही, जिओजेब्रा उघडलं नाही तर ते लावून त्यावर बोलता येतं. लाईटच गेली तर? माझ्या पिशवीत पुठ्ठ्याचा एक तुकडा असतो, त्यावर दोन टाचण्या आणि रबरबँड, तिसरा शिरोबिंदू बोटानं ओढायचा आणि गुण्या सरकवत शिरोलंब दाखवायचा. एकदा खरंच तसं करावं लागलं आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त लोक नंतर भेटायला आले.

हातात वेळ उरला किंवा कुणी गणितातच रस दाखवला तर अजून एक चीज आहे. ए आणि बी स्थिर ठेवा, सी ला एबी शी समांतर असलेल्या एका रेषेवर बांधा, तिन्ही शिरोलंब काढा, ते तिन्ही मिळतात तो बिंदू, शिरोलंबसंपात ओ, घ्या, ओ वर राइट क्लिक करून 'शो ट्रेस' लावा आणि सी सरकवा. ओ ची वाट ए आणि बी मधून जाणारी सुंदर अन्वस्त (पॅराबोला) येते. ए मधून आणि बी मधूनच का? कारण सी बरोबर ए च्या डोक्यावर आला की कोन ए काटकोन होतो आणि काटकोन त्रिकोणात शिरोलंबसंपात काटकोनाच्या शिरोबिंदूवरच असतो. आठवीच्या मुलांना अन्वस्त हे नाव माहीत नसतं, पण वाट या दोन बिंदूंतूनच का जाते हे ती सांगू शकतात. हे आठ मिनिटांत कोंबू नका, राखून ठेवा.

जे जमलं नाही ते

माझ्या अभ्यासातला खरा माल इथं होता. काही मुलं स्क्रीनवर सगळं बरोबर सांगत होती, लंबपाद कुठं जाईल ते सरकवायच्या आधीच बोट ठेवून दाखवत होती, आणि कागद दिला की परत रेघ आत. दोन दिवस मला उलगडा होईना. मग एकीच्या शेजारी बसून बघितलं. तिला पाया वाढवायचा हे माहीत होतं, तिनं तो वाढवलाही, पण गुण्याची कुठली कड पायावर ठेवायची आणि कुठली शिरोबिंदूकडं, हेच येत नव्हतं. जिओजेब्रात लंबरेषेचं बटण असतं, ते दाबलं की लंब तयार! हातानं करायचा भाग आम्ही कधी केलाच नव्हता.

म्हणून दुसऱ्या फेरीत क्रम बदलला. स्क्रीनवर एक त्रिकोण, लगेच वहीत तसाच एक गुण्यानं, परत स्क्रीन, परत वही, असं एकाच तासात आलटून पालटून. 'कळलेलं वहीत उतरतं का' हा प्रश्नाचा दुसरा भाग तेव्हा जोडला गेला.

तुमच्याकडेही असं काहीतरी असणारच. ते सांगितलं की अभ्यास कच्चा दिसेल ही भीती मलाही होती. झालं उलटं, ऐकणाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं ते हेच.

स्लाईड, फॉन्ट, आणि सभागृह

इथं फार रेंगाळत नाही पण एक अनुभव सांगते. एका कार्यक्रमात दुसऱ्याच्या लॅपटॉपवर माझी फाईल उघडली आणि सगळं मराठी म्हणजे नुसती वेडीवाकडी चिन्हं झाली. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधून काही भाग चिकटवला होता, तो फॉन्ट त्या मशीनवर नव्हता. तेव्हापासून सगळं युनिकोडमध्येच टाइप करते आणि फाईल पीडीएफ करूनही पेनड्राईव्हवर ठेवते, एक प्रत स्वतःला व्हॉट्सअॅपवर. अपूर्णांक, वर्गमूळ, कोनाची चिन्हं पण दुसऱ्या मशीनवर सरकतात, ती चित्र म्हणून घाला.

पांढऱ्यावर काळं लिहा. निळ्यावर पिवळं आपल्या स्क्रीनवर छान दिसतं, पण खिडक्यांना पडदे नसलेल्या सभागृहात दुपारी बारा वाजता ते पुसून जातं. एका स्लाईडवर एक गोष्ट. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए केबल असते आणि नवीन लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, तो छोटा अडॅप्टर स्वतःचा न्या. अर्धा तास आधी पोचा आणि शेवटच्या रांगेत बसून स्वतःची स्लाईड वाचून बघा.

मुलांची नावं आणि फोटो

वहीच्या पानावरचं नाव, हजेरी क्रमांक झाका. आकडे दाखवताना 'विद्यार्थी ७' असं लिहा. गाव लहान असतं, केंद्रातले लोक एकमेकांना ओळखतात, 'आमच्याकडची एक मुलगी जी ऊसतोडीवरून परत आली' एवढ्यावरून सुद्धा ती कोण हे कळतं, म्हणून जे सांगायची गरज नाही ते सांगू नका. चेहरे दिसणारे फोटो, व्हिडिओ वापरायचे तर पालकांची लेखी परवानगी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या मुलीची चूक आपण पन्नास लोकांना दाखवतो तिला आधी विचारायला हवं. मी विचारलं होतं. ती म्हणाली, "दाखवा, पण नंतर बरोबर काढलेलं पण दाखवा." तेव्हापासून दोन्ही पानं शेजारी शेजारी लावते.

प्रश्न येतील ते

"हे फळ्यावर झालं नसतं का?" हा प्रश्न रागानं घेऊ नका, सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. माझं उत्तर असतं की बराचसा भाग झाला असता. पण फळ्यावर आपण तीन त्रिकोण काढतो, एक लघुकोन, एक काटकोन, एक विशालकोन, आणि मुलाला ते तीन वेगळे प्रकार वाटतात, प्रत्येकाचा नियम वेगळा. सरकवताना तोच एक त्रिकोण एकातून दुसऱ्यात जातो आणि शिरोलंबाची व्याख्या कुठंच बदलत नाही हे दिसतं. साधनाचा फायदा नेमका इथं आहे, एवढंच म्हणायचं, यापेक्षा मोठा दावा करायचा नाही.

"आमच्याकडे एकच संगणक आहे." माझ्याकडेही एकच होता. एकच स्क्रीन, माउस मुलाच्या हातात, बाकीच्यांनी सरकवायच्या आधी वहीत अंदाज काढायचा, हे सांगा. अंदाज आधी घेतला नाही तर मुलं सिनेमा बघितल्यासारखी बघतात आणि विसरतात.

"पोर्शन कसा पुरा होणार?" तुमचे तास मोजलेले असतील तर आकडा सांगा. मला नेहमीपेक्षा दोन तास जास्त लागले, पण पुढं 'त्रिकोण रचना' आणि 'क्षेत्रफळ' शिकवताना पाया-उंची परत समजावत बसावं लागलं नाही.

मोबाईलच्या व्यसनाचाही प्रश्न येतो. त्याचं उत्तर तुमच्या अभ्यासात नसेल तर "हे मी तपासलेलं नाही" असं सरळ म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.

नंतर

ऐकणाऱ्यांच्या हातात एक पान द्या, पाठपोट झेरॉक्स. पुढच्या बाजूला चाचणीच्या चार आकृत्या, त्यात दोन फिरवलेल्या, आणि चुकांच्या तीन ढिगांची नावं. मागच्या बाजूला जिओजेब्रातल्या रचनेच्या पायऱ्या, रेषाखंड आणि रेषेचा तो फरक ठळक करून. म्हणजे कुणाला उद्या करून बघायचं असेल तर तुम्हाला फोन करावा लागणार नाही.

लिहून काढायचं असेल तर एससीईआरटीचं (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं) 'जीवन शिक्षण' आणि राज्य मंडळाचं 'शिक्षण संक्रमण' ही मासिकं शिक्षकांचे लेख घेतात, नवोपक्रम स्पर्धेसाठीही हाच मजकूर त्यांच्या नमुन्यात बसवता येतो. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ पासून गणित आणि विज्ञान शिक्षणावर काम करतंय, त्यांचं साहित्य वाचलंत तर मुलांच्या चुकांकडे बघायची नजर येते. लेख लिहिताना क्रम तोच ठेवा, वही आधी, साधन नंतर.

आणि प्रश्नोत्तरांत कुणी काय विचारलं ते घरी जायच्या आधी, गाडीत बसल्या बसल्या, मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करून ठेवा. माझ्या पुढच्या फेरीचा प्रश्न असाच मिळाला. पाचवीला शिकवणाऱ्या एका सरांनी विचारलं होतं, की लंब म्हणजे उभी रेघ हे मुलांच्या डोक्यात आठवीच्या किती आधी बसतं, आणि आम्ही पाचवीत त्रिकोण कायम आडव्या पायावरच काढतो म्हणून तर नाही ना? आता त्यांच्या वर्गातले आणि माझ्या वर्गातले कागद आम्ही एकत्र तपासतोय.